बाही

बसमध्ये आम्ही चोवीस जण होतो.
फिल्ममध्ये तेवीस,
कारण कॅमेरा माझ्या हातात.
आता झ्देन्का म्हणते, बावीस कर.

इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीतले आम्ही निवृत्त लोक.
खाण मिटली तसे दर जूनमध्ये एक दिवस
समुद्र बघून येतो.
बाकीच्यांची हयात जमिनीखाली गेली, माझी वर, प्रयोगशाळेत.
म्हणून माझे डोळे शाबूत असं परस्पर ठरलं
आणि कॅमेरा माझ्या गळ्यात आला. फिल्म जोडायचं कामही.

पिरानला गेलो तेव्हा ते दोघं नवराबायको होते.
सप्टेंबरात ती माझ्या स्वयंपाकघरात उभी,
कोटसुद्धा न काढता:
"लुडविकला काढून टाक. आहे ना तुझ्याकडे ती कात्री."

कात्री म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातलं
नखाएवढं चित्र. पण मैत्रीण आहे,
शिवाय केकमध्ये अक्रोड घालताना हात आखडत नाही.
हो म्हटलं.

रात्री बसले. सोपं वाटलं होतं.
पेट्रोल पंपावरचा लुडविक, गेला.
मिठागरापुढे टोपी हलवणारा, गेला.
अकॉर्डियनवर भलताच सूर धरून बसलेला,
तो गेल्यावर तर गाणं सुधारलं.

पण माणूस असा सुटा कुठं असतो?
मिरोस्लावच्या खांद्यावर एक हात उरला.
टेबलावर त्याच्या चाकूनं कापलेलं सॉसेज,
एक चकती जाड, एक कागदासारखी.
सगळे उजवीकडे बघून खो खो हसतात
आणि उजवीकडे नुसती भिंत.

झ्देन्का घोटाभर पाण्यात उभी आहे, ती क्लिप
मी तीनदा कापली.
तिन्ही वेळा कडेला एक बाही येते, निळ्या चौकटीची,
बाहीच्या टोकाला तिच्या चपला.
तो पाण्यात उतरत नाही.
खाणीत पाणी दिसणं म्हणजे वाईट बातमी,
ते त्याच्या पायांनी अजून सोडलेलं नाही.
काठाच्या दगडावर चपला धरून उभा.
खाली आकडे पळत असतात म्हणून नेमकं सांगते:
अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

चौथ्यांदा मुळापासून कापलं, तर समुद्रच अडखळला.
लाट अजून फुटायचीय
आणि फेस काठावर हजर.
अन्डू.
दोन वाजता कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला,
तेव्हा दोघींनी झोपायचं ठरवलं,
मी आणि तो यंत्र-बाईसाहेब.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, चादरीवर दाखवली.
लुडविक आला नव्हता. तो बहिणीकडे, तोल्मिनला.
सगळ्यांना सगळं कळत होतं, कुणी चकार शब्द काढला नाही.
फक्त म्हातारा अल्फोन्झ, ज्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही:
"आणि लुडविक कुठाय? मागच्या सीटवर ओकत होता तो?"
त्याच्या बायकोचं कोपर अंधारातही अचूक लागलं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम ठेवली होती.
परतीची बस सुटायच्या आधीची.
चित्रात नुसती खिडकी, पार्किंग, एक तिरकं चालणारं कुत्रं.
आवाज त्याचा, डोकी मोजणारा:
"एकवीस. बावीस. मी तेवीस.
आणि कॅमेरावाली."
सबंध फिल्ममध्ये मी तेवढ्याच जागी आहे.
स्वार्थ म्हणा.

नंतर खुर्च्या रचताना ती जवळ आली.
"कापलेलं कुठं जातं गं?"
"कुठंच नाही. मूळ असतं तसंच राहतं.
आपण दाखवत नाही, एवढंच."
दोन खुर्च्या एकमेकींत अडकल्या होत्या,
त्या तिनं गुडघा लावून सोडवल्या.
"ती बाही राहिली."
"काढते उद्या."
"उद्या कशाला," म्हणाली,
आणि सहा खुर्च्यांची चळत
एकटीनं उचलून दाराकडे निघाली.